कापडवाल्यांचं फ्लॉरेन्स

फ्लॉरेन्सला जाणाऱ्या लालबाग-परळच्या माणसाने उफिझी संग्रहालयाच्या रांगेत उभं राहण्याआधी एक सकाळ नुसत्या गल्ल्यांच्या पाट्या वाचत फिरावं. सान्ता क्रोचे चर्चकडून नदीच्या बाजूला वळलं की रंगाऱ्यांचा रस्ता लागतो. ओरसानमिकेलेजवळ लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्यांची गल्ली आहे. कॅथेड्रलपासून सिन्योरियाच्या चौकाकडे जाणारा, आज सगळ्यात गजबजलेला रस्ता मोजे शिवणाऱ्यांचा. आर्नो नदीपलीकडे, धुतलेलं कापड ताणून वाळवायच्या शेड जिथे होत्या, तिथली गल्लीही त्याच नावाने अजून ओळखली जाते. जगभरची माणसं इथे चित्रं आणि पुतळे पाहायला येतात. त्या चित्रांचा आणि पुतळ्यांचा पैसा कुठून आला, हे या पाट्या सांगतात.

माझं लहानपण परळच्या चाळीत, गिरणीच्या भोंग्यावर आणि वडिलांच्या पाळ्यांवर गेलं. वडील साचेखात्यात होते. त्यामुळे फ्लॉरेन्स हे मुळात गिरणगाव आहे, हे ध्यानात आल्यावर त्या शहराचा परकेपणा माझ्यापुरता संपला.

जोव्हान्नी व्हिल्लानी नावाचा चौदाव्या शतकातला एक बखरकार आहे. तो स्वतः व्यापारात होता, म्हणून आकड्यांना पक्का. १३३८ च्या सुमाराचा हिशेब त्याने लिहून ठेवलाय : शहरात लोकरी कापडाचे दोनशेवर कारखाने, वर्षाला सत्तर ते ऐंशी हजार तागे, आणि या धंद्यावर पोट असलेली तीस हजार माणसं. शहराची वस्ती तेव्हा नव्वद हजारांच्या आसपास होती. म्हणजे दर तिसरं तोंड लोकरीवर जगत होतं. आपल्याकडे ऐन भरात गिरण्यांनी जशी परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळीची घरं चालवली, तसंच.

लोकर मात्र इथली नव्हे. चांगली लोकर इंग्लंडहून यायची, पुढे स्पेनहून. ती आर्नोच्या पाण्यात धुवायची, झोडपायची, पिंजायची. सूत बहुतेक आसपासच्या खेड्यांतल्या बाया घरी काढायच्या. मग माग, मग कापड तुडवून घट्ट करणं, रंगवणं, ताणून वाळवणं, लव कातरणं. माल शेवटपर्यंत मालकाचा, कारागिराच्या हाती फक्त मजुरी. मालकांची संघटना होती ‘आर्ते देल्ला लाना’, म्हणजे लोकरवाल्यांचं महाजन. अशा एकवीस संघटना शहरात होत्या, सात थोरल्या आणि चौदा धाकट्या. राज्यकारभारात शिरायचं तर यांपैकी एकीचं सभासदत्व लागे. पिंजणारा आणि धुणारा यांना त्यात जागा नव्हती, आणि स्वतःची संघटना काढायचीही मुभा नव्हती.

कॅथेड्रलवरचा तो ब्रुनेलेस्कीचा घुमट या लोकरवाल्यांचा आहे. कॅथेड्रलचं बांधकाम १२९६ ला सुरू झालं आणि १३३१ पासून त्याची सगळी जबाबदारी लोकरवाल्यांच्या महाजनाकडे आली. भिंतींवर जागोजाग निशाण धरलेलं कोकरू कोरलेलं दिसतं, ती त्यांची खूण. चर्च वाढत गेलं, पण मधल्या अष्टकोनावर छप्पर घालायचं कसं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आरपार सुमारे पंचेचाळीस मीटरचा तो खड्डा आभाळाकडे तोंड करून कित्येक वर्षं उघडा होता. आजही स्लॅब घालायचा तर आधी खालून सेंटरिंग लागतं. एवढ्या उंचीवर, एवढ्या रुंदीला पुरेल इतकं लाकूड आणायचं कुठून आणि ते स्वतःच्या वजनाने कोसळणार नाही कशावरून?

१४१८ ला स्पर्धा जाहीर झाली. सोनारकामात तयार झालेल्या फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने सांगितलं की सेंटरिंगशिवाय घुमट उभा करतो. १४२० मध्ये काम सुरू झालं आणि १४३६ मध्ये पोपच्या हस्ते चर्चचा अभिषेक झाला. घुमट एक नव्हे, दोन आहेत, एकात एक. चाळीस लाखांवर विटा त्यात गेल्या. त्या माशाच्या काट्यासारख्या आडव्या-उभ्या रचल्यामुळे ओला थर खाली घसरत नाही. प्रत्येक फेरा पुरा झाला की तो स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. माल वर चढवायला त्याने बैलांनी चालणारी यारी केली. तिला असं दातेरी चाक बसवलं की बैलांना उलटं न फिरवता ओझं वर किंवा खाली नेता येई.

वर जायला ४६३ पायऱ्या आहेत आणि वेळ आधी आरक्षित करावी लागते. जरूर चढावं, पण वरच्या देखाव्यासाठी घाई करू नये. दोन घुमटांमधल्या चिंचोळ्या वाटेतून चढताना डाव्या-उजव्या हाताला विटा दिसतात, तिथे थांबावं. सहाशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याच्या थापीची चाल डोळ्यासमोर येते. चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वसारी एक गोष्ट सांगतो : गवंड्यांनी मजुरीसाठी काम थांबवलं, तेव्हा ब्रुनेलेस्कीने लोम्बार्डीकडची माणसं लावली आणि जुने गवंडी परत आले तेव्हा त्यांना कमी मजुरीवर घेतलं. ही गोष्ट आठवूनच मी तो घुमट पाहिला. त्याचं मोठेपण त्याने उणावलं नाही. फक्त त्या विटा कोणाच्या हातून गेल्या, ते माझ्या मनातून शेवटपर्यंत हललं नाही.

घुमटाशेजारी जॉत्तोचा मनोरा आहे, पांढऱ्या, हिरव्या आणि तांबूस संगमरवराचा, ८४.७ मीटर उंच. मुंबईच्या माणसाला ही उंची चटकन मापता येते, कारण आपला राजाबाई टॉवर २८० फूट, म्हणजे जवळपास तेवढाच आहे. त्याला पैसा लागला तो कापसाचा. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंदांनी तो आईच्या नावाने दिला आणि १८७८ मध्ये मनोरा पुरा झाला.

ओरसानमिकेले ही इमारत बऱ्याच सहली ओलांडून पुढे जातात. मला विचाराल तर शहर समजून घ्यायला तिच्याइतकी दुसरी जागा नाही. मुळात हा धान्यबाजार, पुढे त्याचं चर्च झालं. बाहेरच्या भिंतींत चौदा कोनाडे आहेत आणि ते संघटनांना वाटून दिलेले होते. ज्याने त्याने आपल्या संताचा पुतळा बसवायचा. तागाच्या कापडवाल्यांनी शिल्पकार दोनातेल्लोकडून संत मार्क करून घेतला. परदेशी कापडाच्या व्यापाऱ्यांनी शिल्पकार गिबेर्तीकडून संत योहानाचा मोठा ब्रॉन्झ पुतळा ओतवला. ते पाहून सराफांनी त्याच गिबेर्तीला काम दिलं आणि करारात घातलं की आमचा संत मॅथ्यू निदान त्या योहानाएवढा तरी हवा. मग लोकरवाल्यांना आपला जुना दगडी संत स्टीफन खुजा वाटू लागला; त्यांनीही तो काढून ब्रॉन्झचा बसवला, पुन्हा गिबेर्तीचाच. हे सगळं भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत. आपल्या गणपती मंडळांत गणेशगल्ली १९२८ ची, लालबागचा राजा १९३४ चा, चिंचपोकळीचा चिंतामणी त्याआधी १९२० चा. या मंडळांमधली ईर्ष्या ज्याने पाहिली आहे, त्याला ओरसानमिकेले समजावून सांगावं लागत नाही. कलावंताला काम मिळतं ते अशा ईर्ष्येतून, आणि त्याचा हात सुधारतो तो शेजारच्या कोनाड्याकडे बघून. आज बाहेर प्रतिकृती आहेत. बहुतेक मूळ पुतळे वरच्या मजल्यावरच्या संग्रहालयात ठेवलेत.

दगड आणि लाकूडकाम करणाऱ्यांच्या कोनाड्यात चार संत आहेत, नान्नी दी बांकोचे. संतांच्या पायाखालचा पट्टा वाकून पाहावा. तिथे छिन्नी-हातोडा घेतलेले कारागीर आपापल्या कामात गुंतलेले कोरले आहेत. एवढ्या पुतळ्यांच्या गर्दीत मला सगळ्यात जवळचे वाटले ते हे.

जवळच लोकरवाल्यांच्या महाजनाचा वाडा आहे. आता तिथे दान्तेच्या अभ्यासकांची संस्था असते. कवी दान्ते फ्लॉरेन्सचा, शहराने त्याला हद्दपार केलं आणि तो राव्हेन्नात मेला. त्याच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ची एक जुनी हस्तलिखित प्रत आपल्या फोर्टातल्या टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ती संस्थेला दिली. गिरगावातून चालत जाता येईल इतक्या अंतरावर फ्लॉरेन्सचा एवढा मोठा ठेवा आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं.

१३७८ च्या जुलैमध्ये पिंजणाऱ्यांनी आणि धुणाऱ्यांनी उठाव केला. त्यांना तिथे चॉम्पी म्हणत. आमचीही संघटना हवी, आम्हालाही कारभारात जागा हवी, एवढीच मागणी. त्यांनी सरकारी वाडा ताब्यात घेतला आणि मिकेले दी लान्दो नावाचा लोकर पिंजणारा शहराचा प्रमुख झाला. तीन नव्या संघटना मान्य झाल्या. ऑगस्ट संपेतो चॉम्पींची संघटना मोडली गेली. रंगारी आणि शिंप्यांच्या उरलेल्या दोन १३८२ मध्ये गेल्या. मालकांची सत्ता पुन्हा घट्ट झाली, आणि पुढच्या सत्तर वर्षांत घुमट, ओरसानमिकेलेचे पुतळे, बाप्तिस्मागृहाचे गिबेर्तीने केलेले दरवाजे, सगळं घडलं.

या उठावाच्या नावाचा चौक सान्त आम्ब्रोजो बाजाराजवळ आहे, पियात्झा देई चॉम्पी. पाहण्यासारखं फार नाही, वसारीने मासळीबाजारासाठी बांधलेली कमानींची ओसरी तिथे आणून उभी केली आहे. मी मात्र तिथे बराच वेळ बसलो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला आमचा गिरणी कामगारांचा संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. अडीच लाख माणसं त्यात उतरली होती. वडील त्यांतले एक. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, मॉल आले. परळमध्ये रस्त्याला, चौकाला किती ठिकाणी त्या माणसांची आठवण ठेवली आहे? फ्लॉरेन्सने आपल्या हरलेल्या कामगारांच्या नावाने निदान एक चौक ठेवला, आणि मिकेले दी लान्दोचा पुतळाही नव्या बाजाराच्या ओसरीत उभा केला. आपल्याकडेही हे व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

रेशीमवाल्यांच्या संघटनेचं काम लोकरवाल्यांच्या कामाहून हळवं आहे. १४१९ पासून त्यांनी ब्रुनेलेस्कीकडून टाकून दिलेल्या मुलांसाठी अनाथालय बांधून घेतलं. नऊ कमानींची ती ओसरी, आणि वर आन्द्रेआ देल्ला रोब्बियाची निळ्या गोलांतली दुपट्यात गुंडाळलेली पांढरी बाळं. आत संग्रहालय आहे. गर्दी नसते. सवड काढून जावं.

आता उफिझी. वसारीने १५६० मध्ये ही इमारत मेदिची घराण्यासाठी सरकारी कचेऱ्या म्हणून सुरू केली. सोमवारी ती बंद असते, मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ हा पुतळा जिथे आहे ती अकादमियाही सोमवारी बंद. तिकीट आधी काढून सकाळी पहिल्या तासात आत शिरावं. बॉत्तिचेल्लीच्या ‘प्रिमाव्हेरा’ आणि ‘व्हीनसचा जन्म’ यांच्यासमोर लोटालोट असते. ती चित्रं त्यातूनही पोहोचतात. मी सांगेन ते वेरोक्क्योच्या कारखान्यात झालेल्या ‘ख्रिस्ताचा बाप्तिस्मा’ या चित्राबद्दल. डाव्या कडेचा पाठमोरा वळलेला देवदूत लिओनार्दोचा आहे, तेव्हा तो तिथे उमेदवार होता. फ्लॉरेन्समध्ये चित्र एका माणसाचं नसे, कारखान्याचं असे. पोरं रंग खलत, फळी घासून तयार करत, कपड्यांच्या चुण्या भरत, चेहरा उस्तादाचा. लालबाग-परळच्या गणपती कारखान्यात अंगाचा रंग दहा हात देतात आणि डोळ्यांची आखणी एकच माणूस करतो, तशी ती रीत. वेरोक्क्योने मात्र एक चेहरा आपल्या पोराच्या हाती दिला. आजूबाजूचे चेहरे चांगले आहेत. त्या पोराने काढलेल्या चेहऱ्यावर उजेड आहे.

या भिंतींवर हे सगळं टिकलं ते एका बाईमुळे. आन्ना मारिया लुइझा ही मेदिचींची शेवटची वारस. घराणं संपत आलं, राज्य दुसऱ्यांकडे जाणार हे ठरलं, तेव्हा १७३७ मध्ये तिने करार केला : घराण्याचा कलासंग्रह नव्या राज्यकर्त्यांना मिळेल, पण त्यातलं काहीही फ्लॉरेन्सबाहेर जाणार नाही. १७४३ मध्ये ती वारली. तिचा करार पाळला गेला.

डेव्हिडबद्दल थोडक्यात. १५०१ ला मायकेलअँजेलोने काम हाती घेतलं तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, आणि दगड दुसऱ्याने कोरायला घेऊन टाकून दिलेला, चाळीसेक वर्षं पडून राहिलेला. उंची पाच मीटरवर. डेव्हिडकडे जाताना वाटेत त्याचेच अर्धवट सोडलेले ‘कैदी’ पुतळे आहेत, दगडातून अर्धेच बाहेर आलेले. छिन्नीचे घाव त्यांवर तसेच दिसतात. मला ते अधिक भिडले.

दुपारी पोटाला रिबोल्लिता मागावी : शिळा पाव, पांढरे घेवडे आणि काळपट पालेभाजी शिजवून केलेलं दाट कालवण. शाकाहाऱ्यांना चालतं, तरी मांसाचा रस्सा घातलाय का ते विचारून घ्यावं. इथला पाव बिनमिठाचा असतो. मांसाहाऱ्यांनी सान लोरेन्झोच्या बाजारात लाम्प्रेदोत्तो, म्हणजे गाईच्या पोटाचं मांस घातलेला पाव, उभ्याने खाल्ला तरी चालेल. ते इथल्या कामकऱ्यांचं खाणं.

आणि एक दिवस, अर्धा तरी, काशीने बागेला ठेवावा. मेदिचींची ही जुनी गुरांची आणि शिकारीची जमीन, आर्नोच्या काठाने पश्चिमेला तीन किलोमीटरांहून लांब पसरलेली. ट्रामने काशीने थांब्यावर उतरावं आणि झाडांच्या सावलीतून सरळ पश्चिमेला अर्धा-पाऊण तास चालावं. बाग संपते तिथे मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. तिथे एक छत्री आहे. आपल्याकडे असते तशी, खांब, कमानी आणि वर घुमट. खाली फेटा बांधलेल्या एका तरुणाचा रंगवलेला अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

१८५० चा जन्म. पाटणकर घराण्यातून दत्तक आलेले. १८६६ मध्ये गादीवर बसले. १८७० च्या उन्हाळ्यात मुंबईहून बोटीने इंग्लंडला गेले. समुद्रपर्यटनाला धर्माची आडकाठी मानली जात होती त्या काळी. लंडनमध्ये राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, संस्था पाहिल्या, पार्लमेंट पाहिलं, आणि हे सगळं ते इंग्रजीत रोजनिशीत लिहीत गेले. परतीच्या वाटेवर थंडीने त्यांची प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये ते गेले. वय पुरतं एकवीसही नव्हतं.

फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. पुढच्याच वर्षी ती रोमला गेली. संसद सिन्योरियाच्या जुन्या वाड्यात भरायची आणि दाराबाहेर मायकेलअँजेलोचा खरा डेव्हिड उन्हापावसात उभा होता. १८७३ मध्ये तो आत नेला. कॅथेड्रलचा आज दिसणारा दर्शनी भाग झाला नव्हता, तो १८८७ चा. शहराचा जुना तट पाडून रुंद रस्ते काढायचं काम चालू होतं. या शहराला दहनाची चाल माहीत नव्हती. इटलीतलं पहिलं आधुनिक दहन मिलानला १८७६ मध्ये झालं. तरी महाराजांच्या सोबतच्या मंडळींनी मागणी केली तेव्हा नगरपालिकेने खास परवानगी दिली. हिंदू रीतीप्रमाणे दोन नद्यांचा संगम हवा, म्हणून ही जागा निवडली गेली. पंचगंगेच्या घाटावर ज्यांच्या पूर्वजांच्या समाध्या आहेत, त्यांना मुन्योने आणि आर्नोच्या संगमावर अग्नी मिळाला.

छत्री १८७४ मध्ये उभी राहिली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा, १८८४ मध्ये पुरा झालेला, तोही त्याचाच. पुतळा फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराने केला. चौथऱ्यावर इटालियन आणि इंग्रजी लेखांबरोबर देवनागरीही आहे. शेजारच्या जुन्या इमारतीला आणि मागून आर्नो ओलांडणाऱ्या १९७८ च्या तारांच्या पुलालाही शहराने या ‘हिंदुस्थानी’ माणसाचं नाव दिलंय. पुलाचं नाव रोज हजारो गाडीवाल्यांच्या तोंडी असतं. तिथे एका आजोबांना मी पुतळ्याकडे बोट करून सांगितलं की हे आमच्याकडचे, शिवाजी महाराजांच्या गादीचे. त्यांनी टोपी काढली आणि मला पुतळ्याशेजारी उभं करून फोटो काढून दिला.

मंगळवारी सकाळी काशीनेच्या शहराकडच्या टोकाला मोठा आठवडी बाजार भरतो, त्या दिवशी ट्रामला गर्दी असते, बुधवार-गुरुवार बरा. पाणी बरोबर न्यावं. महाराजांची रोजनिशी कॅप्टन वेस्टने संपादित करून १८७२ मध्ये लंडनला छापली. ती मिळवून आधी वाचावी, निघण्यापूर्वी टाउन हॉलच्या पायऱ्या चढून दान्तेच्या प्रतीची चौकशी करावी, आणि मग विमानाचं तिकीट काढावं.